कुक्कुटपालनात नर-मादीची पारख : संगणकाच्या डोळ्याचा उपयोग व मर्यादा

अंड्यांसाठी कोंबड्या पाळण्याच्या धंद्यात नफा होणार की तोटा, याचा बराचसा निर्णय पिले घरात येतात त्याच दिवशी लागलेला असतो. निसर्गतः नर व मादी पिले जवळजवळ समसमान निपजतात. अंड्यावरील हलक्या जातीच्या पक्ष्यास अठरा आठवड्यांचा होईपर्यंत सुमारे ६ किलो खाद्य लागते. न निवडलेली १,००० पिले आणून ती सर्व तितके दिवस सांभाळली, तर त्यांतील ५०० नर सुमारे ३,००० किलो खाद्य फस्त करतील व त्याबदली एकही अंडे मिळणार नाही. अशा जातींचे नर मांसासाठी वाढवावेत, तर त्यांची वाढ फार सावकाश होते. त्यामुळे खाद्याचा खर्चही भरून निघत नाही. याउलट, पिले निवडून घेतली व त्या निवडीत शेकडा दोन चूक राहिली, तर हीच नासाडी १२० किलोंवर येते. ३,००० किलो आणि १२० किलो यांमधील अंतर हेच नर-मादी पारखण्याच्या विद्येचे मोल होय.

कोंबडीने अंडी द्यावीत म्हणून कळपात कोंबडा असावाच लागतो, असा समज अद्यापि काही ठिकाणी आढळतो. तो बरोबर नाही. कोंबड्याशिवायही कोंबडी नियमित अंडी देते. ती अंडी फलित नसल्यामुळे त्यांतून पिले निघत नाहीत एवढाच फरक. खाण्याच्या अंड्यांचा धंदा करणाऱ्याला म्हणून नर नकोच असतो. पिले काढण्यासाठी अंडी हवी असणाऱ्याला मात्र साधारणपणे आठ ते दहा कोंबड्यांमागे एक कोंबडा लागतो, आणि हे प्रमाण कमीजास्त झाल्यास त्याचेही नुकसान होते. दोघांनाही आपल्या कळपात नर किती व माद्या किती, हे वेळीच समजणे अगत्याचे आहे.

हे काम आजवर अनुभवी माणसाच्या डोळ्यांनी व बोटांनी होत आले. अलीकडे कॅमेऱ्याने घेतलेली चित्रे संगणकाकडून तपासवून हेच काम यंत्राकडून करून घेण्याचे प्रयत्न अनेक देशांत झाले असून, काही उबवणी केंद्रांत तशी यंत्रे प्रत्यक्ष चालू आहेत. या पद्धतीस संगणकीय दृष्टी असे म्हणतात. ती कशावर चालते, कोठे उपयोगी पडते व कोठे फसते, याची माहिती कुक्कुटपालकांस असणे जरूर आहे.

पारखीची जुनी विद्या

एक दिवसाचे पिलू वरवर पाहून नर की मादी हे बहुतेक जातींत सांगता येत नाही. तुरा, शेपटी, आवाज यांतील फरक पुढे कित्येक आठवड्यांनी दिसू लागतात. ही अडचण प्रथम जपानी संशोधकांनी दूर केली. प्रा. कियोशी मासुई व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९२०च्या दशकात असे दाखवून दिले की, पिलाचे गुदद्वार हलक्या हाताने उघडून पाहिल्यास आत टाचणीच्या डोक्याएवढा एक लहानसा मणी दिसतो, आणि त्याच्या आकारावरून नर-मादी ओळखता येते. १९२७ साली कॅनडातील ओटावा येथे भरलेल्या जागतिक कुक्कुट परिषदेत ही पद्धत जगापुढे आली. त्यानंतर जपानी पारखी अमेरिका व कॅनडा येथील उबवणी केंद्रांत जाऊन काम करू लागले व ही विद्या सर्वत्र पसरली.

कसबी पारखी एका तासात हजाराच्या आसपास पिले तपासतो, आणि शंभरांत अठ्ठ्याण्णव किंवा त्याहून अधिक पिलांची निवड बिनचूक करतो. तथापि हे कौशल्य अंगी बाणण्यास दीर्घकाळ सराव लागतो. पिलू किती दाबावे, विष्ठा कशी काढावी, मणी क्षणभरच दिसतो तेवढ्यात काय टिपावे, हे पुस्तकातून पुरते शिकता येत नाही. नवशिक्याच्या हातून पिलाला इजाही होते. म्हणून शेतकऱ्याने स्वतः हा प्रयोग करून पाहू नये.

या विद्येसंबंधी १९८७ साली बीडरमन व शिफ्रार या अमेरिकेतील दोन मानसशास्त्रज्ञांनी प्रसिद्ध केलेला एक प्रयोग येथे मुद्दाम ध्यानात घेण्याजोगा आहे. त्यांनी पिलांच्या मण्यांची १८ छायाचित्रे अगदी अननुभवी माणसांना दाखविली. प्रथम त्यांची उत्तरे शंभरांत साठ इतकीच बरोबर आली. म्हणजे नाणे उडवून सांगण्यापेक्षा थोडीशीच बरी. नंतर त्यांना एक लहानशी सूचना वाचावयास दिली : मणी फुगीर असेल तर नर समजावा, सपाट किंवा खोलगट असेल तर मादी समजावी. एवढ्या सूचनेनंतर त्याच माणसांची उत्तरे शंभरांत चौऱ्याऐंशी बरोबर आली. त्याच छायाचित्रांवर व्यवसायी पारख्यांची उत्तरे शंभरांत बहात्तर बरोबर होती.

यावरून पारख्याचे कौशल्य हलके आहे असे कोणी समजू नये. प्रत्यक्ष पिलू हातात घेऊन मणी उघडा करणे हे त्याच्या कामाचे निम्मे अंग आहे, आणि छायाचित्रात ते येत नाही. परंतु योग्य खूण कोठे आहे हे एकदा कळले व ती चित्रात स्पष्ट दिसत असली, तर शिकाऊ डोळाही ती ओळखू लागतो. संगणकाला शिकविण्याची सर्व भिस्त याच तत्त्वावर आहे.

पिसांवरची व रंगावरची खूण

काही संकरांत खूण शोधण्यासाठी पिलाचे गुदद्वार उघडावे लागत नाही. पैदास करणाऱ्यांनी आनुवंशिकतेच्या नियमांचा उपयोग करून ती खूण पिलाच्या अंगावरच आणून ठेवली आहे.

कोंबड्यांमध्ये लिंग ठरविणारी गुणसूत्रे झेड व डब्ल्यू या नावांनी ओळखली जातात. नरात दोन झेड असतात; मादीत एक झेड व एक डब्ल्यू. त्यामुळे मादी पिलास तिचे एकमेव झेड गुणसूत्र बापाकडून मिळते, तर नर पिलास आई व बाप दोघांकडून एकेक मिळते. पिसे सावकाश फुटण्याचा गुण या झेड गुणसूत्रावर असून तो प्रभावी आहे. पिसे लवकर फुटणारा शुद्ध नर आणि सावकाश फुटणारी मादी यांचा संकर केला, तर मादी पिले बापाप्रमाणे लवकर पिसे फुटणारी निघतात व नर पिले आईप्रमाणे सावकाश. पहिल्या दिवशी पंख पसरून पाहिल्यास मादीच्या पंखातील मुख्य पिसे वरच्या झाकणाऱ्या पिसांहून स्पष्टपणे लांब दिसतात. नरात दोन्ही सारखी असतात किंवा झाकणारी पिसेच लांब असतात. ही खूण पहिल्या एक-दोन दिवसांतच पाहिली पाहिजे. पुढे ती पुसट होते.

रंगाचीही अशीच गोष्ट आहे. सोनेरी गुणाचा नर व चंदेरी गुणाची मादी यांच्या संकरात नर पिले फिकट पांढुरकी आणि मादी पिले तांबूस निघतात. तपकिरी अंडी देणाऱ्या अनेक व्यापारी जाती अशाच रीतीने तयार केलेल्या आहेत. पट्टे नसलेला नर व पट्टेदार प्लिमथ रॉक मादी यांच्या काळ्या पिलांत नराच्या डोक्यावर पांढुरका ठिपका असतो व मादीच्या नसतो.

येथे एक सावधगिरी राखावी. ही खूण त्या विशिष्ट संकराच्या पहिल्या पिढीपुरतीच असते. पिसांवरून निवडलेल्या अशा नरांचा व माद्यांचा आपसांत संकर करून शेतकऱ्याने घरी पिले काढली, तर पुढील पिढीत नरांतही निम्मी सावकाश व निम्मी लवकर, आणि माद्यांतही तशीच निम्मी-निम्मी निघतात. तेथे पंख पाहून निवड करणे म्हणजे निव्वळ अंदाज होय. ज्या ठिकाणी माणूस फसतो त्या ठिकाणी यंत्रही फसणारच.

संगणक पाहतो म्हणजे काय करतो

संगणकाला कोंबडा दिसत नाही. त्याला आकडे दिसतात. चित्राचे लहान लहान ठिपके पाडून प्रत्येक ठिपक्यातील तांबडा, हिरवा व निळा हे तीन रंग किती, हे आकड्यांत मांडले जाते. आडवे २२४ व उभे २२४ ठिपके असलेले लहानसे चित्र घेतले तरी त्यात ५०,१७६ ठिपके, म्हणजे १,५०,५२८ आकडे होतात. या आकड्यांच्या गर्दीतून नराची व मादीची लक्षणे वेगळी काढावयाची असतात.

त्यासाठी संगणकाला हजारो चित्रे दाखवितात व प्रत्येक चित्राबरोबर ‘हा नर’, ‘ही मादी’ असे उत्तरही देतात. संगणक प्रथम वाटेल ते सांगतो. उत्तर चुकले की, त्याच्या आतील गणिती वजने किंचित बदलली जातात. हा क्रम असंख्य वेळा झाला म्हणजे कोणत्या रेषा, कोणते रंग व कोणते आकार नराच्या चित्रात वारंवार येतात, हे त्या वजनांत साठविले जाते. २०१२ नंतर या पद्धतीत मोठी सुधारणा झाली व यंत्रे चित्रे ओळखण्यात पुष्कळच तरबेज झाली.

या शिकवणीत दोन गोष्टी माणसाच्या हाती राहतात. चित्राबरोबर दिलेले उत्तर खरे असले पाहिजे, आणि खूण चित्रात प्रत्यक्ष दिसत असली पाहिजे. चुकीची उत्तरे देऊन शिकविलेला संगणक चुकाच आत्मसात करतो. चित्रात जी खूण उमटलेली नाही, ती कितीही महाग यंत्राला सापडत नाही. उलट, भलतीच खूण शिकण्याचा धोका असतो. सर्व नरांची चित्रे अंगणात उन्हात काढली व सर्व माद्यांची खुराड्यात सावलीत काढली, तर संगणक ऊन-सावलीवरून निर्णय देऊ लागेल. घरच्या परीक्षेत तो पैकीच्या पैकी गुण मिळवील व दुसऱ्याच्या शेतावर सपशेल नापास होईल.

उबवणी केंद्रातील उपयोग

सारखा प्रकाश, एका वयाची व एका संकराची पिले आणि ठराविक अंतरावरचा कॅमेरा, या सर्व अनुकूल गोष्टी उबवणी केंद्रात मिळतात. म्हणून संगणकीय दृष्टीचा जम प्रथम तेथे बसला. अमेरिकेतील काही मोठ्या केंद्रांत मांसल कोंबड्यांची पिले पट्ट्यावरून जात असता त्यांच्या पसरलेल्या पंखांची चित्रे घेऊन नर व माद्या वेगळ्या करणारी यंत्रे चालतात. मांसल पक्ष्यांत नर लवकर वाढतो व मादी मागे राहते. दोघांना वेगळे वाढविल्यास खाद्य व विक्रीचे वजन या दोन्हींचा मेळ चांगला बसतो. अर्थात ही यंत्रे वर सांगितलेल्या पिसांच्या संकरातच उपयोगी पडतात.

दुसरा उपयोग पिलू जन्मण्यापूर्वीचा आहे, आणि त्यामागे एक कठोर वस्तुस्थिती आहे. अंड्यावरील जातींची नर पिले धंद्याला निरुपयोगी म्हणून पहिल्याच दिवशी मारून टाकण्याची प्रथा जगभर चालत आली. जगात दरवर्षी अशी सुमारे सात अब्ज पिले मारली जातात असा अंदाज केला जातो. एकट्या जर्मनीत ही संख्या वर्षास सुमारे साडेचार कोटी होती. १ जानेवारी २०२२पासून जर्मनीने ही प्रथा कायद्याने बंद केली. तेथील केंद्रांना नर पिले वाढवावी तरी लागतात, किंवा अंड्यातच नर ओळखून ते उबवणीतून काढावे तरी लागते.

अंड्यात नर ओळखण्याच्या पद्धतींपैकी एक संगणकीय दृष्टीची आहे. कोंबडीचे अंडे २१ दिवस उबवावे लागते. तेराव्या दिवसाच्या सुमारास आतील गर्भास लव फुटलेली असते. तपकिरी अंडी देणाऱ्या जातींत नराची लव फिकट व मादीची तांबूस असते, हे वर आलेच आहे. अंड्यातून प्रखर प्रकाश पाठवून बाहेर पडणाऱ्या प्रकाशाचे बारीक पृथक्करण केले म्हणजे हा रंगभेद कवच न फोडता समजतो. पांढरी अंडी देणाऱ्या जातींत मात्र नर व मादी दोघांची लव सारखीच पिवळी असते. तेथे ही पद्धत चालत नाही; अंड्यातील द्रव काढून त्याची परीक्षा करणे किंवा चुंबकीय प्रतिमा घेणे असे अन्य उपाय योजावे लागतात. उत्तम यंत्र, उत्तम कॅमेरा व शिकविलेला संगणक असूनही एका रंगाच्या कोंबडीत जे साधते ते दुसऱ्या रंगाच्या कोंबडीत साधत नाही, याचे कारण खूणच तेथे नाही.

शेतावरील कळप

वाढलेल्या कळपात खुणा पुष्कळ असतात. साधारण सहा ते आठ आठवड्यांनंतर बहुतेक जातींत नराचा तुरा व चोचीखालचे लोंबते कल्ले मोठे व लाल होऊ लागतात. पुढे मानेवर व पाठीच्या मागील भागावर लांब, टोकदार, चकाकणारी पिसे येतात. मादीत हीच पिसे आखूड व गोल टोकाची असतात. शेपटीत कोयत्यासारखी वाकलेली पिसे येतात, पाय जाड होतात व पायामागील काटा वाढतो. उभे राहण्याची ढबही निराळी असते. २०२० साली चिनी संशोधकांनी प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात मोकळ्या फिरणाऱ्या कोंबड्यांच्या चित्रांवरून नर व माद्यांचे प्रमाण काढण्याचा प्रयत्न केला असता सुमारे ९७ टक्के अचूकता मिळाली.

परंतु एका कळपावर शिकविलेले यंत्र दुसऱ्या कळपावर नेताना जातीचा विचार केला पाहिजे. आपल्याकडील काही उदाहरणे बोलकी आहेत. पांढऱ्या लेगहॉर्न कोंबडीचा तुरा मोठा असतो व अंड्यावर आल्यावर तो एका बाजूस कलतो. मोठा लाल तुरा म्हणजे नर, एवढेच शिकलेले यंत्र लेगहॉर्नच्या उत्तम अंडी देणाऱ्या कोंबडीस नर ठरवील. मध्य प्रदेशातील झाबुआ भागातून आलेल्या कडकनाथ जातीत तुरा काळपट असतो. तेथे लाल रंग शोधणारे यंत्र गोंधळते. असील जातीत नर व मादी दोघांचाही तुरा लहान व चपटा असतो. तेथे पिसे, पाय व ढब पाहावी लागते. सेब्राइट नावाच्या परदेशी जातीत तर नराची पिसे मादीसारखीच गोल टोकाची असतात.

एकाच जातीतही पक्ष्याची अवस्था बदलते. अंडी देण्याचे थांबविलेल्या किंवा आजारी पक्ष्याचा तुरा सुकतो व फिका पडतो. पिसे गळण्याच्या हंगामात पिसांची खूण भरवशाची राहत नाही. क्वचित एखाद्या वयस्क कोंबडीचे अंडाशय निकामी झाल्यास तिला नरासारखी पिसे येतात व ती आरवूही लागते. याशिवाय गादीवरच्या घरात धूळ, अंधूक प्रकाश व एकमेकांआड दडलेले पक्षी यांमुळे चित्रात अर्धाच पक्षी दिसतो, हे वेगळेच.

शेकडा सत्त्याण्णवचा खरा अर्थ

विक्रेत्याने यंत्र शेकडा सत्त्याण्णव बिनचूक आहे असे सांगितले, तर तेवढ्यावर समाधान मानू नये. हा आकडा कोणत्या कळपावर लावावयाचा, यावर त्याची किंमत ठरते.

समजा, एका कळपात ५०० नर व ५०० माद्या आहेत व यंत्र दोघांनाही शंभरांत ९७ वेळा बरोबर ओळखते. ते ४८५ नरांना नर म्हणेल व १५ माद्यांनाही चुकून नर म्हणेल. एकूण नर ५०० असेच उत्तर येईल. काही पक्षी चुकले तरी मोजणी बरोबर आली.

आता दुसरा कळप घ्या. यात १,००० पक्षी असून निवडीतील चुकीमुळे आलेले नर फक्त २० आहेत व माद्या ९८० आहेत. तेच यंत्र २० पैकी सुमारे १९ नर ओळखील. परंतु ९८० माद्यांपैकी शेकडा तीन, म्हणजे सुमारे २९ माद्यांनाही ते नर ठरवील. यंत्राने नर म्हणून दाखविलेल्या ४८ पक्ष्यांत खरे नर १९ व अंड्यावरच्या चांगल्या कोंबड्या २९ असतील. यंत्राच्या शब्दावर विसंबून हे सर्व पक्षी कळपातून काढून विकले, तर शेतकरी एका नरामागे दीड कोंबडी गमावील.

तेव्हा अशा कळपात यंत्र निरुपयोगी ठरते काय? तसेही नाही. १,००० पक्षी एकेक पाहण्याऐवजी माणसाला ४८ पक्षीच पाहावे लागतील. यंत्राने चाळण धरावी व निवाडा माणसाने करावा, अशी कामाची वाटणी केली तर वेळ वाचतो व कोंबडीही वाचते.

याच कळपावरून आणखी एक गोष्ट ध्यानात येईल. प्रत्येक पक्ष्यास डोळे मिटून मादीच म्हणणारे यंत्र या कळपात शेकडा अठ्ठ्याण्णव बिनचूक ठरेल, आणि तरी त्याला एकही नर सापडणार नाही. म्हणून अचूकता विचारताना नेहमी दोन आकडे वेगळे विचारावेत : शंभर नरांपैकी किती नर ओळखले, आणि शंभर माद्यांपैकी किती माद्या चुकून नर ठरल्या.

यंत्राची परीक्षा कशी घ्यावी

मोठे कुक्कुटपालक, सहकारी संस्था किंवा उबवणी केंद्रे यांनी असे यंत्र घेण्याचा विचार केल्यास पुढील दक्षता घ्यावी.

१. यंत्र कोणत्या जातीच्या व कोणत्या वयाच्या पक्ष्यांवर शिकविले आहे हे प्रथम विचारावे. आपली जात व वय त्यात नसल्यास आपल्या पक्ष्यांची चित्रे घेऊन ते पुन्हा शिकविणे भाग आहे.

२. शिकवणीसाठी दिलेली उत्तरे पडताळलेली असावीत. एक दिवसाच्या पिलांच्या बाबतीत प्रत्येक पिलाच्या पायात अंकित कडे किंवा पंखाला पट्टी घालून बारा आठवड्यांनी त्याची खात्री करून घ्यावी, आणि मगच ते उत्तर खरे धरावे.

३. चित्रे सकाळी, दुपारी व दिव्याच्या उजेडात, समोरून, बाजूने व वरून अशी सर्व प्रकारची घ्यावीत. नर व माद्या यांची चित्रे एकाच जागी व सारख्याच परिस्थितीत घ्यावीत.

४. ज्या पक्ष्यांवर यंत्र शिकविले त्याच पक्ष्यांवर परीक्षा घेऊ नये. शक्य तर दुसऱ्या घरातील किंवा दुसऱ्या शेतावरील कळप परीक्षेस ठेवावा.

५. खात्री नसेल तेथे यंत्राने ‘शंका’ असे उत्तर द्यावे व तो पक्षी माणसाकडे सोपवावा, अशी तजवीज करून घ्यावी. जबरदस्तीने नर किंवा मादी म्हणावयास लावलेले यंत्र अधिक नुकसान करते.

६. कॅमेऱ्याची काच रोज पुसावी. कोंबड्यांच्या घरातील धूळ काही दिवसांतच काचेवर थर धरते व यंत्राच्या चुका नकळत वाढतात.

७. नवा कळप आला की, पहिल्या शंभर पक्ष्यांची निवड जाणत्या माणसाकडूनही करवून दोन्ही उत्तरे ताडून पाहावीत.

लहान कुक्कुटपालकाने काय करावे

परसात पंधरा-वीस पक्षी पाळणाऱ्या कुटुंबास या यंत्राची गरज नाही. वनराज, गिरिराज यांसारख्या दुहेरी उपयोगाच्या जातींची न निवडलेली पिले घेतली, तर त्यांतील नर वाया जात नाहीत. वाढवून मांसासाठी विकता येतात. अशा कुटुंबाने आठव्या आठवड्यापासून दर आठवड्याला तुरा, कल्ले, मानेवरची पिसे व पाय पाहून नर वेगळे काढावेत, पैदाशीसाठी दहा कोंबड्यांमागे एक चांगला नर ठेवावा व उरलेले वेळेवर विकावेत. बहुतेक घरांत हे काम बायाबापड्या पिढ्यान्‌पिढ्या करीत आल्या आहेत, आणि बारा आठवड्यांच्या पक्ष्याबाबत त्यांची नजर सहसा चुकत नाही.

किंबहुना संगणकाला शिकवावयाचे झाले, तर गुरू म्हणून याच नजरेकडे जावे लागते. जपानी पारख्याच्या बोटांनी जे हेरले, पैदास करणाऱ्याने जे पिलाच्या पंखावर आणून ठेवले व घरच्या बाईने जे तुऱ्यावरून ताडले, तेच यंत्राला चित्रांतून सांगावयाचे असते. यंत्र थकत नाही, कंटाळत नाही व हजारावे पिलू पहिल्याइतक्याच लक्षपूर्वक पाहते, हा त्याचा मोठा गुण आहे. आपली जात निराळी आहे, तुरा आजाराने सुकला आहे किंवा काचेवर धूळ बसली आहे, हे मात्र त्याला आपण होऊन कळत नाही. ते पाहण्याचे काम कुक्कुटपालकाचे आहे. कोणतेही यंत्र दारी येण्यापूर्वी त्याने आपल्या पक्ष्यांच्या खुणा स्वतः नीट पाहून, वयानुसार व जातीनुसार वहीत टिपून ठेवाव्यात. यंत्र आले तर ती वही त्याच्या शिकवणीस कामी येईल, आणि न आले तरी खाद्याची पोती वाचवील.